रात्रीची लाइट आणि कोळशाचं राजकारण

माझे थोरले काका संगमनेरकडे शेती करतात. त्यांचा आठवडा लाइटीवर चालतो. एका आठवड्यात दिवसा आठ तास थ्री फेज, म्हणजे मोटर चालेल अशी लाइट, पुढच्या आठवड्यात रात्री. रात्रीचा आठवडा लागला की जेवून थोडी पाठ टेकायची, लाइट आली की बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीकडे जायचं, स्टार्टर दाबायचा आणि पहाटेपर्यंत गव्हाची दारं धरायची, म्हणजे एकेका वाफ्यात पाणी वळवत राहायचं. डिसेंबरच्या थंडीत पाय पाण्यात असतात. बांधावर साप असतो, आणि आता उसात बिबट्याही असतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या पट्ट्यात ‘आम्हाला दिवसा लाइट द्या’ ही मागणी सोयीसाठी होत नाही, जिवासाठी होते.

काही जण ऑटो स्विच बसवतात. लाइट आली की मोटर आपोआप चालू, उठायला नको. पण एका डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्यांनीच तो बसवलेला असतो. मग लाइट येताक्षणी सगळ्या मोटरी एकदम ओढ घेतात, व्होल्टेज पडतं, कुणाची मोटर जळते, कधी डीपीच जळते. ऐन भरण्याच्या दिवसांत डीपी गेली की पुढचे आठ-दहा दिवस पीक आणि माणूस दोघं वाट बघत बसतात.

शेतकऱ्याला रात्रीच वीज का मिळते? हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर शोधत गेलं की आपण चंद्रपूरच्या बॉयलरपाशी पोहोचतो, तिथून मंत्रालयात, तिथून दिल्लीत आणि शेवटी जागतिक हवामान परिषदेच्या सभागृहात. हवामान बदल आणि सरकारचं ऊर्जा धोरण हे विषय आपल्याला फार मोठे आणि लांबचे वाटतात. मला ते या डीपीपासून समजून घेणं सोपं जातं, म्हणून इथूनच सुरुवात करतो.

रात्रच का?

विजेचा एक स्वभाव आधी लक्षात घ्यावा लागतो. धान्य कणगीत ठेवता येतं, पाणी शेततळ्यात ठेवता येतं. वीज मात्र मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात साठवणं आजवर जमलेलं नव्हतं. आपण बटण दाबतो त्याच क्षणाला कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. मागणी आणि निर्मिती यांचा काटा चोवीस तास जुळवत राहणं, हेच वीजव्यवस्थेचं मुख्य काम.

आता महाराष्ट्राची वीज येते कुठून ते पाहू. कोयनेसारखी जलविद्युत केंद्रं आहेत, पण मोठा भार कोळशावर आहे. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. शिवाय कोराडी, खापरखेडा, पारस, भुसावळ, एकलहरे, परळी, आणि खासगी केंद्रं वेगळी. कोळशाचं केंद्र गुऱ्हाळाच्या चुलवणासारखं असतं. एकदा पेटलं की तासाभरासाठी विझवायचं आणि पुन्हा पेटवायचं असं करता येत नाही. बॉयलर थंड करून परत तापवायला वेळ जातो, इंधन जातं, यंत्रही लवकर झिजतं. त्यामुळे केंद्र रात्रीही धगधगत ठेवावं लागतं. पण रात्री कार्यालयं बंद, दुकानं बंद, कितीतरी कारखाने मंदावलेले. वीज आहे आणि घेणारा नाही.

ती वीज घ्यायला शेतकऱ्याला उभं केलं. घरातला पंखा, दवाखाना, लोकल गाडी यांची वेळ सरकवता येत नाही. विहिरीवरची मोटर मात्र दुपारी चालली काय आणि रात्री दोनला चालली काय, पाणी तेच येतं. शिवाय दिवसा तुटवडा पडला तर आधी कुणाची लाइट घालवायची, याचं उत्तरही ठरलेलं होतं. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ते सगळ्या ग्रामीण महाराष्ट्राने अनुभवलं.

हे शक्य झालं फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाइनी, वेगळे केल्यामुळे. पूर्वी सबस्टेशनमधून निघणाऱ्या एकाच लाइनवर गावातली घरंही असत आणि शिवारातल्या मोटरीही. शेतीची लाइट बंद केली की गाव अंधारात जायचं. मग गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीचा वेगळा करण्याचं काम झालं. गुजरातेत २००३ मध्ये सुरू झालेल्या ज्योतिग्राम योजनेने ही पद्धत देशभर गाजवली. गावातल्या घरांना याचा मोठा फायदा झाला, पोरांना दिवाबत्तीत अभ्यास करता आला, पिठाची गिरणी दिवसभर चालू लागली. पण त्याचबरोबर शेतीची लाइट कधी सोडायची आणि कधी काढायची, याची कळ सबस्टेशनमध्ये एका हाताखाली आली. पुढे याच वेगळ्या फीडरने एक नवी वाट उघडून दिली, तिच्याकडे नंतर येतो.

स्वस्त वीज कुणाच्या पैशाने?

सत्तरच्या दशकात विहिरींवर मोटरी वाढल्या. शिवारात विखुरलेल्या प्रत्येक मोटरीचं रीडिंग घ्यायला माणूस पाठवणं वीज मंडळाला महाग पडत होतं. म्हणून मीटर सोडून हॉर्सपॉवरवर बिल सुरू झालं. पाच एचपीची मोटर असेल तर अमुक रुपये, मग ती तासभर चालवा नाहीतर रात्रभर. दर कमी ठेवला, कारण देशाला धान्य हवं होतं, आणि शेतकऱ्याकडे मतं होती.

यातून एक गोष्ट बिघडली ती अजून दुरुस्त झालेली नाही. मीटर नसेल तर शेतीने नेमके किती युनिट वापरले हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. मग तो आकडा अंदाजाने ठरतो. वाटेत गळालेली आणि आकडे टाकून चोरलेली वीजही ‘शेतीने वापरली’ या खात्यात सहज ढकलता येते. वीज नियामक आयोगासमोरच्या सुनावण्यांमध्ये वीज धोरणाचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने आणि ग्राहक संघटनांनी हा मुद्दा अनेकदा मांडला आहे. शहरात बसून ‘शेतकरी फुकट वीज जाळतो’ असं म्हणणाऱ्याने एवढं तरी ध्यानात घ्यावं, की शेतकऱ्याच्या नावावर लिहिलेला प्रत्येक युनिट त्याच्या विहिरीपर्यंत पोहोचलेला नसतो.

शेतीच्या विजेवरची तूट दोन खिशांतून भरली जाते. एक खिसा सरकारचा, म्हणजे अनुदान. दुसरा खिसा कारखान्यांचा आणि जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांचा. त्यांचा दर मुद्दाम खर्चापेक्षा वर ठेवतात आणि त्या वरकड पैशातून शेतीचा दर खाली ठेवतात. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. इचलकरंजीचा यंत्रमागवाला किंवा चाकणचा छोटा कारखानदार महाग विजेची तक्रार करतो तेव्हा त्यात हाही वाटा असतो.

आता निवडणुका पाहा. २००४ च्या मे महिन्यात आंध्र प्रदेशात वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी मुख्यमंत्री होताच मोफत शेतीविजेच्या आदेशावर सही केली. त्याच वर्षी विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर महाराष्ट्रात सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने शेतीचं वीजबिल माफ केलं. निवडणूक जिंकली, आणि पुढच्या वर्षी, विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना, ती सवलत काढून घेतली गेली. वीस वर्षांनी, २०२४ च्या लोकसभा निकालानंतर आणि विधानसभेच्या आधी, मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली. साडेसात एचपीपर्यंतच्या मोटरींना मोफत वीज, ४४ लाखांहून अधिक शेतकरी, वर्षाला १४,७६० कोटी रुपयांचा भार, मुदत मार्च २०२९ पर्यंत. ‘मोफत’ याचा अर्थ बिल नाहीसं झालं असा नाही. ते बिल आता सरकारच्या नावाने फाटतं, आणि सरकारकडे ते आपल्याच करातून येतं.

माझा मोफत विजेला सरसकट विरोध नाही. ज्या राज्यात कोरडवाहू शेतकरी भावाअभावी मोडून पडतो तिथे आधार लागतोच. पण जी वीज सरकार फुकट देऊ करतं ती मुळात महाग पडते, आणि महाग का पडते याकडे बघायला कुणाला सवड नाही, याचं मला वाईट वाटतं.

एका भरण्याला किती कोळसा?

थोडा हिशेब करू. पाच एचपीची मोटर म्हणजे साधारण पावणेचार किलोवॅट. आठ तास चालली तर तीस युनिट. आपल्याकडच्या कोळशातून एक युनिट काढायला साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे एका रात्रीच्या भरण्यामागे कुठेतरी वीस किलो कोळसा जळतो, वाटेतली गळती धरली तर त्याहून जास्त. प्रत्येक युनिटमागे एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो तिथे शेकडो वर्षं राहतो, उष्णता धरून ठेवतो, आणि पाऊस-थंडीचं गणित बिघडवतो. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीसाठी तो कोळसा जळला, त्याच्याच द्राक्षांवर अवकाळीची गारपीट पडते. हे वर्तुळ मला फार अस्वस्थ करतं.

पण मग दोष शेतकऱ्याचा का? इथेच हवामानाचं जागतिक राजकारण सुरू होतं.

भारतातला माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. चिनी माणूस आठ, अमेरिकन चौदाच्या घरात. आणि हवेत आज जो साठा आहे तो गेल्या दीडशे-दोनशे वर्षांचा आहे. त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, भारताचा तीन-चार टक्के. म्हणूनच १९९२ साली रिओमध्ये झालेल्या जागतिक करारात एक तत्त्व लिहिलं गेलं: जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. ज्याने आधी आणि जास्त धूर केला त्याने आधी आणि जास्त आवरावं, आणि गरीब देशांना त्यासाठी पैसा व तंत्रज्ञान द्यावं. १९९७ च्या क्योटो करारात श्रीमंत देशांवरच बंधनं होती. २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक देशाने आपापलं उद्दिष्ट स्वतः ठरवून सांगायचं, अशी रीत आली. बंधन सैल झालं, पण सगळे एका पंगतीत बसले. अमेरिका त्या पंगतीतून एकदा उठली, परत बसली, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा उठायचा निर्णय तिने जाहीर केला.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ग्लासगोला परिषद झाली. तिथे पंतप्रधानांनी २०७० पर्यंत भारत निव्वळ शून्य उत्सर्जनाला पोहोचेल असं जाहीर केलं. म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा झाडं, जमीन किंवा तंत्रज्ञान यांच्याद्वारे परत खेचू. परिषदेच्या अखेरच्या तासांत मसुद्यातल्या एका शब्दावर गाडी अडली. कोळशाची वीज टप्प्याटप्प्याने ‘बंद’ करायची, असं त्यात लिहिलं होतं. भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी ते ‘कमी करायची’ असं करून घेतलं. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा दिलगिरी व्यक्त करताना कंठ दाटून आला, आणि जगभर बातमी गेली की भारताने करार पातळ केला.

ती बातमी अर्धीच होती. ‘कमी करणं’ हा शब्द काही दिवस आधी अमेरिका आणि चीन यांच्या संयुक्त निवेदनात आलेला होता. आणि मसुद्यात कोळशाचं नाव होतं, तेल आणि नैसर्गिक वायूचं नव्हतं. कोळसा भारत, चीन, दक्षिण आफ्रिका यांचा. तेल आणि वायू जाळून जे श्रीमंत झाले त्यांच्या इंधनाला कुणी हात लावला नाही. भारताचा आक्षेप मला न्याय्य वाटतो.

पण न्यायाचं हेच तत्त्व देशाच्या आत लावलं की आपली पंचाईत होते. सरासरी दोन टन आपल्या सगळ्यांची. त्यात चार एसी लावणारं घरही येतं आणि मेळघाटातली झोपडीही येते. दरडोई कमी उत्सर्जनाचा दाखला आपण जगाला देतो तो मुख्यतः आपल्या गरिबांच्या जिवावर. मग कोळशाच्या जागी येणाऱ्या नव्या विजेचा पहिला लाभ त्यांना मिळायला नको का? काकांची झोप हा माझ्या लेखी हवामान न्यायाचाच प्रश्न आहे.

कोळसा सुटत का नाही?

कोळसा फक्त जळत नाही, तो पैसेही पुरवतो. झारखंड, छत्तीसगड, ओडिशा यांच्या तिजोरीत त्याची रॉयल्टी जाते. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाने जवळपास निम्मा कोळसा असतो, आणि मालवाहतुकीच्या कमाईतून प्रवासी भाडं खाली ठेवलं जातं. म्हणजे आपलं पॅसेंजरचं तिकीट स्वस्त असतं त्यातही थोडा कोळसा आहे. चंद्रपूर-वणी-उमरेड पट्ट्यात खाणीवर, ट्रकवर, केंद्रावर हजारो घरं चालतात. तिथला माणूस राख आणि धूळ खातो, पण रोजगारही तिथूनच येतो. उद्या खाण बंद झाली तर त्याने काय करायचं, याचा नीट आराखडा लोकांसमोर आलेला मी तरी पाहिलेला नाही.

कराची गोष्टही बोलकी आहे. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. धुरावर कर आणि त्यातून स्वच्छ विजेला पैसा, अशी सरळ कल्पना होती. तो वाढत २०१६ पर्यंत ४०० रुपये झाला. पण त्यातला मोठा हिस्सा स्वच्छ ऊर्जेसाठी वापरलाच गेला नाही, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर हा उपकर राज्यांची भरपाई देण्याकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो काढून टाकला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. दीड हजार रुपये टनाच्या कोळशाचा हिशेब मांडा: आधी पाच टक्क्यांचे ७५ आणि उपकराचे ४००, मिळून ४७५ रुपये. आता २७०. कर वाढल्यासारखा दिसतो, पण स्वस्त कोळसा आणखी स्वस्त झाला. त्याने वीजदर थोडा खाली येईल हे खरं, पण धुरावर कर लावण्याची मूळ कल्पना मात्र मागे पडली.

कोळशाचं केंद्र पाणीही पितं. २०१५ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ज्या मराठवाड्यात प्यायला पाणी नाही तिथे कोळशाच्या विजेवर भिस्त ठेवता येत नाही, हा धडा तिथल्या माणसाला कुठल्याही परिषदेच्या आधी मिळाला.

सूर्य दिवसाच असतो

सौर वीज २०१० च्या सुमारास युनिटला दहा रुपयांच्या वर पडायची. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडल्याला २ रुपये ४४ पैसे दराने बोली लागली. सात वर्षांत दर चौथ्या हिश्श्याच्याही खाली आला. ऊर्जेच्या इतिहासात अशी घसरण क्वचितच झाली असेल.

सौर विजेचा मोठा दोष सांगितला जातो तो म्हणजे ती रात्री नसते. पण शेतकऱ्याला वीज दिवसाच हवी आहे. आणि त्याची मोटर ही अशी गोष्ट आहे जिची वेळ सरकवता येते, हे आपण वर पाहिलं. कोळशाच्या सोयीसाठी ती रात्रीकडे सरकवली, तर सूर्याच्या सोयीसाठी ती परत दिवसाकडे आणता येते. शेतीचा फीडर आधीच वेगळा आहे. मग सबस्टेशनच्या जवळ काही एकरांवर पॅनल उभे करायचे आणि त्यांची वीज थेट त्या शेती फीडरला सोडायची. प्रयास गटाने ही कल्पना आग्रहाने मांडली होती.

राज्य सरकारने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक राळेगणसिद्धीला झाला. पहिली काही वर्षं काम संथ चाललं. जमीन मिळत नव्हती, छोट्या प्रकल्पांना मोठे ठेकेदार येत नव्हते. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल पाच लाख रुपये, आणि जिल्हाभरातले प्रकल्प एकत्र करून निविदा. उद्दिष्ट पुढे १६,००० मेगावॅटपर्यंत वाढवलं गेलं. या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात, तीन मेगावॅटचा, २०२४ मध्ये सुरू झाला.

या विजेचा दर तीन रुपयांच्या आसपास आहे. शेतीला आज पुरवली जाणारी वीज आठ रुपयांच्या घरात पडते असं सरकार सांगतं, आणि आठ वजा तीन एवढी बचत भाषणांमध्ये मोजली जाते. इथे थोडं सावध राहायला हवं. आठ रुपयांत तारा, डीपी, गळती, वायरमनचा पगार असं सगळं आहे. तीन रुपये ही फक्त निर्मितीची किंमत. तारा आणि वायरमन सौर विजेलाही लागणारच. तरी बचत खरी आहे, कारण वीज चंद्रपूरहून शेकडो किलोमीटर न येता पाच-दहा किलोमीटरवरून येते, आणि पंचवीस वर्षं दर बांधलेला राहतो. कोळशाला अशी हमी कुणी देत नाही.

मला यातलं राजकारण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. या योजनेच्या नावात हवामान नाही, कार्बन नाही. तिला पाठिंबा मिळतो तो तीन अगदी वेगळ्या लोकांकडून: रात्री जागणाऱ्या शेतकऱ्याकडून, अनुदानाच्या भाराने दबलेल्या वित्त खात्याकडून आणि क्रॉस सबसिडीला कंटाळलेल्या उद्योजकाकडून. या तिघांचं एरवी कधी पटत नाही. धूर कमी होतो तो त्यांच्या स्वार्थाचा जोडलाभ म्हणून. ‘पृथ्वी वाचवा’ म्हणून कोळसा हटवणारा पक्ष आपल्याकडे निवडून येईल असं मला वाटत नाही. ‘दिवसा लाइट देतो’ म्हणणारा येऊ शकतो.

पंप की फीडर?

दुसरी एक योजना याच्यासोबत चालते, आणि दोघींची गल्लत होते. ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ या योजनेत शेतकऱ्याच्या शेतातच पॅनल आणि पंप बसतो. त्याने दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. जिथे लाइन पोहोचलेलीच नाही अशा पाड्यांवर हा पंप म्हणजे वरदान आहे.

पण जिथे खांब दारात उभा आहे तिथे मला फीडरचा मार्ग उजवा वाटतो. शेतातला पंप वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस बंद असतो. पावसाळ्यात पाणी नको, उन्हाळ्यात विहिरीला नाही. त्या दिवशी पॅनलवर पडलेलं ऊन वाया जातं. फीडरवरच्या प्रकल्पाची उरलेली वीज मात्र राज्याच्या वीजजाळ्यात, म्हणजे ग्रिडमध्ये, जाते आणि दुसरं कुणीतरी वापरतं. ढगाळ दिवशी उलट जाळ्यातून वीज घेता येते. शिवाय गारपिटीत फुटलेलं पॅनल किंवा चोरीला गेलेली केबल यांची चिंता एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर राहत नाही. खोल बोअरवाल्यांची ‘सौर पंपाला दाब पुरत नाही’ ही तक्रारही ऐकून घ्यायला हवी. कित्येकांनी साध्या जोडणीचे पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि शेवटी त्यांना सौर पंपच घ्या असं सांगितलं गेलं. त्यांचा राग सौर ऊर्जेवर नाही, निवडीचा हक्क गेला यावर आहे.

जमीन आणि पाणी

एका मेगावॅटला साधारण चार एकर धरले तर १६,००० मेगावॅटला साठ हजार एकरांहून जास्त जमीन लागते. ती सबस्टेशनच्या जवळ हवी. सरकारी जमीन शोधायला गेलं की हात जातो गायरानावर. कागदावर गायरान रिकामं दिसतं. प्रत्यक्षात तिथे मेंढपाळ, भटके आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारे भूमिहीन दलित असतात. याच जमिनींसाठी आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाडांनी १९६४ मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला होता. स्वच्छ वीज आली आणि त्यापायी गावातल्या सगळ्यात गरीब घराचा घास गेला, तर तो न्याय नव्हे. ग्रामसभेत हा विषय येतो तेव्हा गायरानावर सध्या कोण काय करतं याची नोंद आधी मागितली पाहिजे.

दुसरी अडचण संध्याकाळची. सूर्य मावळतो आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, टीव्ही, एसी लागतात. दुपारी वीज जास्त, सातला कमी. या दोन वेळांमध्ये कोळशाच्या केंद्राला खालीवर व्हावं लागतं, आणि चुलवणाला ते झेपत नाही. म्हणून साठवण हवी. बॅटऱ्या स्वस्त होत आहेत. दुसरा उपाय म्हणजे दुपारच्या विजेने खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी सोडून वीज करायची. घाटघरला असा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून आहे. आता सह्याद्रीत असे अनेक प्रकल्प ठरत आहेत, आणि त्यांत जंगल किती जाणार हा पुढचा वाद आहे.

देशाने २०२५ मध्ये एक टप्पा गाठला: विजेच्या एकूण स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-तेल-वायू सोडून इतर स्रोतांचा झाला, ठरलेल्या २०३० च्या पाच वर्षं आधी. पण क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. पॅनल दिवसातून काही तासच वीज देतं, कोळसा चोवीस तास. प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही आकडे खरे आहेत, म्हणून ते नेहमी जोडीने सांगायला हवेत.

मला सगळ्यात जास्त काळजी पाण्याची आहे. रात्रीची वीज त्रासदायक होती, पण त्या त्रासानेच उपसा थोडा आवरला जात होता. आता दिवसा, भरपूर आणि फुकट वीज मिळाली तर सहाशे फुटांच्या बोअरमधून शेवटचा थेंब खेचायला काय अडवणार? उसाला तर तेच हवं आहे. गावाने मिळून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर पीक ठरवायचं, हे हिवरेबाजारने करून दाखवलं आहे. सौर फीडर मंजूर करताना त्या गावाकडून असा ताळेबंद मागितला, आणि वाचवलेल्या युनिटमागे शेतकऱ्याला चार पैसे दिले, तर मोफत विजेचा पैसा पाणी वाचवायला वापरता येईल. त्यासाठी मोटरीला मीटर लागेल. मीटर म्हटलं की बिल येणार ही भीती शेतकऱ्याला वाटते, आणि २००४-०५ चा अनुभव पाहता ती निराधार नाही. मीटर मोजायला आहे, वसुलीला नाही, अशी लेखी हमी आधी द्यावी लागेल.

गेल्या महिन्यात गावाला गेलो तेव्हा सबस्टेशनपलीकडच्या माळावर लोखंडी खांबांच्या रांगा उभ्या राहिलेल्या दिसल्या. पॅनल अजून चढलेले नाहीत. काकांनी त्यांच्याकडे बोट दाखवून विचारलं, ‘‘गव्हाच्या आधी होईल का रे हे?’’ मला सांगता आलं नाही. त्या रात्री साडेबाराला लाइट आली आणि ते बॅटरी घेऊन विहिरीकडे गेले.